तक्त्यावरचा माणूस

मुंखझुलबाई शहरातून आल्या तेव्हा
त्यांच्या बगलेत गुंडाळलेला एक माणूस होता,
कातडी सोललेला, तरी हसरा.
गोबीच्या कडेला, वसतिगृहाच्या एकुलत्या गरम खोलीत
त्यांनी त्याला दोन खिळ्यांवर टांगला.
फटीतून वारा आला, खालचा कोपरा फडफडला,
तर ओत्गोननं तिथे आपली पाठ टेकवली.

"हे आपलं शरीर," बाई म्हणाल्या, "घाबरू नका."

कुणीच घाबरलं नव्हतं.

"ही फुप्फुसं. उजवं मोठं, डावं थोडं लहान."
"हृदयाला जागा द्यायला सरकून बसलंय," दावाखू म्हणाला,
"ठाऊक आहे."
"आणि हे जठर, याला एकच कप्पा…"
"एकच?" अख्खा वर्ग ओरडला.
मेंढीला चार, आणि माणसाला एक!
"म्हणून तर आपल्याला गवत पचत नाही," बाई म्हणाल्या,
आणि पोरं जरा हिरमुसली,
जणू कुणी त्यांचे तीन कप्पे पळवले.

मग वर्ग तक्त्यावर तुटून पडला.
आतडी अशी शहाण्यासारखी बसत नाहीत हो बाई,
बाहेर काढली की आमच्या तंबूला वळसा घालतील,
धुवायला दोघी लागतात.
पानथरी जांभळी असते, गुलाबी नाही.
आणि काळजाचा हा रंग?
तुमच्या चित्रकारानं काळीज कधी हातात घेतलेलंच नाही.
अन् घोट्यातलं हाड कुठाय, खेळातलं?
घोडा, उंट, मेंढी, बकरी, चार अंगांवर पडणारं?

बाईंनी सरळ बूट काढला, मोजा उतरवला.
"हे इथं, आत. थोडं निराळं, पण त्याच जागी.
फक्त याचा फासा टाकता येत नाही.
याच्यावर उभं राहावं लागतं."

सगळ्यांनी आपापले घोटे चाचपले.

दावाखू नऊ वर्षांचा. तो हळूच म्हणाला,
"मला आणखी एक ठाऊक आहे.
कण्याच्या कडेनं एक जाड नळी जाते.
बाबा छातीखालून हात घालतात, कोपरापर्यंत,
आणि ती बोटांनी तोडतात.
जमिनीवर रक्ताचा एक थेंब पडत नाही.
गेल्या हिवाळ्यात माझा हात त्यांच्या हातावर होता.
आधी ती उडत होती.
मग नव्हती."

चुलीत शेणीचा तुकडा तडकला.
तक्त्यावरचा माणूस हसतच होता.

बाईंनी त्याला खाली उतरवलं, गुंडाळलं,
आणि खिशातून कानाला लावायची नळी काढली.
"तुम्हाला थांबलेलं सगळं येतं," त्या म्हणाल्या,
"माझ्याहून जास्त येतं.
आता चालू असलेलं ऐका."

गार चकती छातीला लागली तसा दावाखू शहारला.
मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.
आत कुणीतरी दूरवरून टापा टाकत येत होतं
आणि पोचत नव्हतं.
पंधरा सेकंदांत बावीस टापा.
"आता विहिरीपर्यंत पळत जा. आणि परत."
वीस अंशांखालच्या थंडीतून तो परतला तेव्हा
भुवया पांढऱ्या, आणि टापा अडतीस!
"याला जोरात चाल असं कुणी सांगितलं?
मी तर नाही सांगितलं."
"पायांनी मागितलं," बाई म्हणाल्या,
"त्यांना रक्त लवकर हवं होतं. त्यात श्वासातली हवा असते.
तुला विचारायला थांबले असते, तर तू वाटेतच बसला असतास."

मग ओत्गोनचं ऐकलं. बाईंचं ऐकलं.
स्वयंपाकीणबाईंचंही ऐकलं; त्या लाजल्या
आणि त्यांचं दोनदा चुकलं.

रात्री पंचवीस पोरं लोकरीखाली, पंचवीस वाफा.
दावाखूनं जबड्याखाली दोन बोटं फिरवली.
सापडली. अशीच एक नळी, बारीक, इतकी वर आलेली.
त्या बोटांना अशा नळीचं काय करायचं ते माहीत होतं.
त्यानं दाबली नाही.
नुसती बोटं टेकवून मोजत राहिला,
अठरा, एकोणीस,
मग आकडा विसरला.

ती विसरली नाही.